एकोणचाळीस रिपोर्ट बेपत्ता

आमच्या प्रयोगशाळेत माहिती सुरक्षा अधिकारी नेमायची बैठक झाली, त्या दिवशी मी दाढ काढायला गेलो होतो. माझ्या नेमणुकीमागे एवढंच कारण आहे, बाकी कुठलीही पात्रता नाही. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन कामावर गेलो, तर टेबलावर पत्र. मी तडक मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर, प्रयोगशाळेच्या मालकीण. मी म्हणालो, "मॅडम, मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही." पण तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे बाहेर जे आलं त्यात फक्त "मॅडम" आणि "कॉम्प्युटर" एवढंच ऐकू जाण्यासारखं होतं.

"थँक्यू," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणणार नाही, हे मी बैठकीत सांगितलंच होतं."

आमची प्रयोगशाळा म्हणजे रक्त वगैरे तपासून रिपोर्ट देणारी. मुख्य इमारत एक, शाखा चार, माणसं बेचाळीस. मी तिथे सव्वीस वर्षं कार्यालय अधीक्षक आहे. रक्त सोडून उरलेलं सगळं माझ्याकडे असतं. हजेरी, पंखे, पडदे, गळके नळ, पेनं, आणि पेनं कोण नेतं याचा तपास. या यादीत आता माहितीची सुरक्षा आली.

ती येण्याचं कारण होतं शहराबाहेरचा एक मोठा कारखाना. त्यांच्या नऊशे कामगारांची दर वर्षीची तपासणी आम्ही करतो. त्यांनी कळवलं की आमच्या कामगारांची माहिती तुमच्याकडे किती सुरक्षित आहे ते आम्ही पाहू, मगच पुढचं कंत्राट. सोबत सत्तावन्न प्रश्नांचा फॉर्म होता, आणि पाच आठवड्यांनंतरच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता त्यांचा तपासनीस येणार होता. कंत्राट गेलं तर दोन शाखा बंद आणि अकरा माणसं घरी, हे मॅडमनी मला दार लावून सांगितलं. मी दार उघडून बाहेर आलो तेव्हा त्या अकरांपैकी चारजण दाराशीच उभे होते.

मी कामाला लागलो. पहिला दणका पासवर्डना. सगळ्यांनी आपला पासवर्ड बदलावा, तो किमान बारा अक्षरांचा असावा, त्यात एक आकडा आणि एक चिन्ह असावं, आणि तो कुठेही लिहून ठेवू नये, असं परिपत्रक मी काढलं. परिपत्रक चांगलं झालं होतं. सोमवारी सकाळी मात्र बेचाळीसपैकी एकोणतीस जणांना आपला पासवर्ड आठवेना. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं दारापर्यंत रांगेत, आणि काउंटरवरच्या बाई डोळे मिटून काहीतरी आठवतायत. उरलेले तेराजण कसे काय वाचले म्हणून मी चौकशी केली, तर त्यांच्या चिठ्ठ्या कीबोर्डखाली, कॅलेंडरमागे, आणि एक तर नमुने ठेवायच्या फ्रिजच्या दारावर सापडली.

आमचा कॉम्प्युटरवाला धावत आला. त्याला सगळे 'रीस्टार्ट' म्हणतात, कारण कुठलीही तक्रार सांगितली की तो तेवढंच म्हणतो. त्याला आपला नवा पासवर्ड सांगताना आमच्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ बाई भर हॉलमध्ये खणखणीत आवाजात म्हणत होत्या, "म्हातारा. हो, सलग. मग 'छळतो'. मग बारा. मग उद्गारचिन्ह."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी इंग्रजी अक्षरं बोटांवर मोजली. पासवर्ड नियमात पूर्णपणे बसत होता.

मग सापळा. रीस्टार्ट म्हणाला, हल्ली फसव्या ईमेल येतात, त्यातल्या दुव्यावर बोट ठेवलं की चोर आत शिरतो, म्हणून आपणच एक खोटी ईमेल पाठवून कोण फसतं ते पाहू. मी म्हणालो, पाठव, पण कधी ते मलाही सांगू नकोस, चाचणी निर्भेळ व्हायला हवी. तीन दिवसांनी मला ईमेल आली, 'तुमच्या शिल्लक रजेत आठ दिवसांची वाढ झाली आहे, पाहण्यासाठी इथे दाबा'. मी दाबलं. काही दिसेना म्हणून पुन्हा दाबलं. आणि मग चष्मा लावून एकदा.

चाचणीचा निकाल सूचना फलकावर लावायचा, पण कुणाचं नाव न देता पद लिहायचं, हा नियम माझाच. फलकावर लागलं, 'एकूण बेचाळीस. फसलेले एक. पद: कार्यालय अधीक्षक. प्रयत्न: तीन'. कार्यालय अधीक्षक हे पद आमच्याकडे एकच आहे. दोन दिवस मी चहासुद्धा टेबलावरच मागवला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. पण फॉर्ममध्ये प्रश्न सदतिसावा होता, 'जुन्या कागदांची विल्हेवाट आपण कशी लावता?' आम्ही ती लावतच नव्हतो. प्रत्येक रिपोर्टची एक ऑफिस प्रत छापून ठेवायची पद्धत माझ्याआधीच्या अधीक्षकांची. तीन पोती भरून प्रती कोठीत होत्या. माणसांची नावं, वयं, पत्ते आणि पोटातल्या सगळ्या भानगडी. मी पोती बाहेर काढली आणि कागद कातरायचं यंत्र घ्यावं असा अर्ज खरेदी समितीकडे केला. समितीत तिघं. मॅडमचे दीर, कोठीवाले आणि मी. नियमाप्रमाणे तीन दुकानांचे दर लागतात, आणि शहरात ते यंत्र विकणारी दुकानं दोनच. मी अर्जदार म्हणून पाठवलेला अर्ज मी सदस्य म्हणून त्रुटी दाखवून परत केला. परत आलेला अर्ज वाचून मला राग आला, पण शेरा बिनतोड होता.

तोवर पोती मागच्या जिन्याजवळ पडून. इमारतीचे व्यवस्थापक रोज येऊन सांगायचे की आग लागली तर माणसं इथून उतरणार कशी. मी म्हणायचो, आग लागली तर आमचा प्रश्न सुटेलच. त्यांना विनोद आवडला नाही. त्यांनी तिसरी लेखी नोटीस दिली.

त्या संध्याकाळी घराच्या जिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. ते बँकेतून निवृत्त झालेत, पण बँक त्यांच्यातून झालेली नाही. सगळी इमारत त्यांना 'मॅनेजर साहेब' म्हणते आणि त्यांना ते आवडतं. मी त्यांना पोत्यांचं आणि यंत्राचं सांगितलं.

"यंत्र कशाला हवंय?" ते म्हणाले. "रद्दीवाल्याला द्या. फक्त लेखी घ्या. लेखी घेतलं की माणूस बांधला जातो. माझ्या कारकिर्दीत मी एक कागद लेखी घेतल्याशिवाय हलू दिला नाही."

मला ते पटलं. मी रद्दीवाल्यासाठी हमीपत्र तयार केलं. 'सदर कागदपत्रे अविलंब व संपूर्णतः नष्ट करण्यात येतील.' रद्दीवाल्याने ते बोट फिरवत वाचलं.

"संपूर्णतः नष्ट म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याकडे काही राहता कामा नये."

"राहतच नाही साहेब. आपल्याकडे सकाळी आलेलं संध्याकाळी गेलेलं असतं."

या वाक्यानं माझं पूर्ण समाधान झालं. त्याने सही केली, पोती हातगाडीवर टाकली, आणि मी सदतिसाव्या प्रश्नापुढे ठळक अक्षरात लिहिलं, 'लेखी हमीसह नष्ट'.

बरोबर नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, खालून मॅनेजर साहेबांच्या बायकोची हाक आली. "भाऊजी! जरा खाली या. वहिनींनाही आणा."

आम्ही दोघं गेलो. मॅनेजर साहेब खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. टेबलावर पडद्याच्या दांड्यासाठी आणलेले मूठभर स्क्रू होते, आणि ज्यात ते बांधून आले होते तो कागद त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या वहिनींच्या, हातात होता.

"हा कागद तुमच्याच प्रयोगशाळेचा ना?"

वर आमचं नाव. खाली मॅनेजर साहेबांचं नाव, वय, पत्ता. आणि त्याखाली साखरेचा आकडा. तो आकडा मी इथे सांगत नाही, पण तंत्रज्ञ बाईंनी त्याला लाल शाईने दोनदा वेढा घातला होता.

"मार्चमधली तारीख आहे," वहिनी शांतपणे म्हणाल्या. त्यांचा शांतपणा भयंकर असतो. "मार्चमध्ये हे मला म्हणाले, तपासणी केली, सगळं नॉर्मल. तेव्हापासून रोज दुपारी माझ्यापुढे बसून दोन वेळा गोड वाढून घेतात."

मॅनेजर साहेब खिडकीकडेच बघत म्हणाले, "हा बँकेच्या... हा गोपनीयतेचा सरळ भंग आहे."

"तुम्ही गप्प बसा."

"मी तुला नाही, यांना म्हणतोय."

एक कागद इथे आला, तर बाकीचे कुठे असतील? मी वहिनींकडे हात पुढे केला. "वहिनी, तो कागद मला परत द्यावा लागेल. ती प्रयोगशाळेची..."

"हा माझा पुरावा आहे," वहिनी म्हणाल्या, आणि तो त्यांनी फ्रिजच्या दारावर चिकटवला. बाहेरच्या दारातून दिसेल असा.

"स्क्रू कुठून आणलेत?" हा प्रश्न मला सुचायला हवा होता. विचारला माझ्या बायकोने.

हार्डवेअरचं दुकान चौकातच होतं. मी बायकोला घरी थांबवलं. म्हटलं, हे नाजूक काम आहे. दुकानात गेलो तर काउंटरच्या कोपऱ्यात आमच्या प्रतींची चवड, वर वजन म्हणून एक पाना. मालक एक एक कागद ओढून खिळे बांधत होता.

मला वाटलं, गाजावाजा न करता काम व्हावं. मी पाव किलो खिळे मागितले. एका कागदात आले. दुसऱ्या मापाचे पाव किलो मागितले. दुसरा कागद. मग वॉशर, मग हुक, मग कड्या. अर्ध्या तासात माझ्याकडे अकरा पुड्या झाल्या आणि चवड होती तेवढीच दिसत होती. मालक आदराने म्हणाला, "काका, घर बांधताय?"

मग मी चूक केली. मी त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "हे कागद अत्यंत गोपनीय आहेत."

इतका वेळ त्या माणसाने एकही कागद वाचला नव्हता. आता त्याने पाना बाजूला ठेवला आणि वरचा कागद उजेडात धरला. "काय असतं यात?" शेजारी उभा असलेला एक रंगवालाही डोकावला. "अरे, हे तर आमच्या गल्लीतले!" मी दोन्ही हात चवडीवर पसरून जवळजवळ आडवा झालो.

"हात काढा, काका. कागद विकायचा नाही, मला पुड्यांना लागतो. झकास जाड आहे. खिळा टोचून बाहेर येत नाही."

"मी वाटेल ते..."

"मग पुड्या कशात बांधू? हातात देऊ लोकांना?"

हा संवाद किती चालला असता कोण जाणे. पण तेवढ्यात बायको आली. तिच्या दोन्ही हातांत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. ते तिने काउंटरवर ठेवले आणि म्हणाली, "वजन करा. याच्या बदली ते. जाड हवा असेल तर दुहेरी घडी घाला."

मालकाने वजन केलं. वर्तमानपत्रं जास्त भरली. तो खूश झाला. तीन मिनिटांत सगळी चवड पिशवीत आली. परतताना बायकोने माझ्या हातातल्या खिळ्यांच्या पुड्यांकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "नाजूक कामाचे ना?"

सकाळचं संध्याकाळी जातं म्हणणाऱ्या रद्दीवाल्याकडे दोन पोती तशीच मिळाली. हार्डवेअरवाल्याकडे गेलेल्या तिसऱ्या पोत्यातल्या प्रतींवर नंबर होते, एक ते तीनशे. दुपारभर आम्ही दोघांनी जमिनीवर बसून ते लावले. माझ्या अकरा पुड्या सोडवून धरल्या तरी दोनशे एकसष्टच भरले. एकोणचाळीस रिपोर्ट बेपत्ता. त्यातला एक फ्रिजवर. उरलेले अडतीस कुणाच्या तरी घरी, खिळ्यांभोवती.

सोमवारी सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. या वेळी तोंडात कापूस नव्हता, आणि असता तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

"हे किती जणांना माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"मी, माझी बायको, शेजारी, शेजारीण, हार्डवेअरवाला, रंगवाला आणि रद्दीवाला. आणि फ्रिजसमोरून जाणारे."

मॅडमनी कपाळावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "त्या अडतीस लोकांना कळवायला हवं. त्यांचे नंबर सिस्टिममध्ये आहेत. तुम्ही फोन करा."

"आणि फॉर्म? एकेचाळिसावा प्रश्न?"

'गेल्या बारा महिन्यांत आपल्याकडील माहिती बाहेर गेल्याची घटना घडली आहे काय? होय / नाही'. परवा म्हणजे बुधवारी फॉर्म पाठवायचा होता.

"सही तुमची आहे," मॅडम म्हणाल्या.

बाहेर आलो तर सगळ्यांना कळलेलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "नाही लिहा. कोण बघतंय?" तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "अकरा घरांचा प्रश्न आहे, सर." त्यांनी मला सर म्हणायची ती पहिलीच वेळ. रीस्टार्टने तर कायदाच काढला, "प्रश्न माहिती बाहेर गेली का असा आहे. आपले कागद गेलेत. माहिती सर्व्हरवर जशीच्या तशी आहे."

मला खोटं लिहायचं वावडं आहे अशातला भाग नाही. सव्वीस वर्षांच्या रजेच्या अर्जांत माझ्या एकाच मावशीला मी चार वेळा अत्यवस्थ केलंय. पण मी आधी फोन करायला बसलो, आणि घोटाळा तिथे झाला. अडतीस नावं नुसती यादीत होती तोवर ठीक होतं. फोनवर ती बोलायला लागली.

एक आजोबा म्हणाले, "रिपोर्ट चांगला होता ना? मग अजून चौघांना दाखवा. सून म्हणते मी आजारी असतो." एका गृहस्थांनी मला चौदा मिनिटं झापलं. मी घड्याळ लावून ऐकलं, आणि त्यातली तेरा मिनिटं तरी मला मान्य होती. एका बाईंना वाटलं मीच फसवा फोन करणारा आहे. त्यांनी मला वकिली थाटात सुनावलं की असल्या फोनना त्या भुलत नाहीत. मी त्यांचं मनापासून कौतुक केलं, तर त्या आणखी भडकल्या. एका शिक्षकांनी मला माझी वाक्यं पुन्हा म्हणायला लावली, कारण त्यात 'अनवधानाने' हा शब्द तीनदा आला होता. "चुकलं म्हणा," ते म्हणाले. "सोपं आहे." त्यांच्यानंतरच्या सगळ्यांना मी 'चुकलं' असंच म्हणालो, आणि काम लवकर व्हायला लागलं.

बुधवारी दुपारी एकतिसावा फोन. एका बाईंनी उचलला. मी नेहमीचं सगळं सांगितलं.

"तो रिपोर्ट माझ्या घरी कुणालाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कळायचा तेव्हा मी सांगणार आहे. माझ्या तोंडून. तुमच्या खिळ्यांच्या पुडीतून नाही."

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं ते झालं. मला तो कागद हवाय. तोच. दुसरी प्रत नकोय, ती मीही छापू शकते."

उद्या दुपारी न्यायला येते, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी ऑफिसात बसून एकेचाळिसाव्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं, खाली 'एकोणचाळीस, तपशील सोबत जोडला आहे' असं लिहिलं, सही केली, आणि विचार बदलायच्या आत फॉर्म पाठवून दिला. मग हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

मालक आता मला ओळखत होता. खूप आठवून म्हणाला, "एवढ्या पुड्या गेल्या म्हणजे त्या सुतारानेच नेल्या असणार. त्याचं मोठं काम चाललंय, नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. आज गावाला गेलाय. उद्या सकाळी येईल."

उद्या म्हणजे गुरुवार. अकराला तपासनीस.

गुरुवारी नऊलाच मी त्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन उभा राहिलो. सुतार साडेदहाला आला. दार उघडलं आणि मी बघतच राहिलो. अर्ध्या बांधलेल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आमचे सात रिपोर्ट खिळ्यांनी ठोकलेले होते. सगळे पालथे, कारण त्याला पाठची कोरी बाजू हवी होती. प्रत्येकावर पेन्सिलीने आकडे, बाण आणि चौकटी. तिसरा कागद उलटला आणि नंबर जुळला.

"हा न्यायचाय मला," मी म्हणालो.

"न्या की. मग ओट्याखालची कपाटं तुम्ही बसवा," सुतार म्हणाला. "सगळी मापं त्याच्यावर आहेत."

"मी उतरवून देतो."

मी माझ्या टिपणवहीत मापं उतरवायला बसलो. सुतार उभा राहून तपासत होता. "साडेतेवीस, तेवीस नाही. त्या अर्ध्यात झुरळ राहतं." सातही कागदांची मापं उतरवून होईपर्यंत सव्वाअकरा. मी ते सात कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातले, त्या बाईंचा वेगळा, आणि पळालो.

मॅडमच्या खोलीत तपासनीस बसला होता. बारीक, इस्त्रीदार, समोर आमचा फॉर्म उघडा. मॅडमनी मला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं. माझ्या केसांत लाकडाचा भुसा होता, हे मला नंतर कळलं.

"हेच आमचे माहिती सुरक्षा अधिकारी," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता असं मी म्हणणार नाही.

"चौतीस मिनिटं," तपासनीस म्हणाला. "एकेचाळिसाव्या प्रश्नाला तुम्ही होय लिहिलंय. कुठे होतात?"

"त्यातलेच सात आणायला गेलो होतो." मी कागद बाहेर काढले. सहा टेबलावर पालथे ठेवले, नंबर सांगितले. त्याने यादीवर सहा खुणा केल्या.

"सातवा?"

"खिशात आहे."

"द्या."

माझा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. "तो देता येणार नाही," मी म्हणालो. "नंबर सांगतो. दोनशे चौदा. तुम्ही लिहून घ्या."

"मी तपासायला आलोय. कागद बघितल्याशिवाय मी कसं मानू?"

"बरोबर आहे. पण त्या बाईंनी तो माझ्याकडे मागितलाय. मध्ये कुणाला दाखवायची परवानगी दिलेली नाही. त्या आज येणार आहेत. त्या हो म्हणाल्या तर दाखवीन."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. काचेपलीकडे काउंटरवरच्या बाई, तंत्रज्ञ बाई आणि रीस्टार्ट एका ओळीत उभे होते. त्या अकरा घरांचा विचार माझ्या मनात आला, नाही असं नाही. पण कागद खिशातून बाहेर काढायला हात तयार होईना.

तपासनीसाने फॉर्म ओढला आणि तो लिहायला लागला. पुष्कळ वेळ लिहीत होता. एवढ्या वेळात आमच्यावर निबंध झाला असता. शेवटी पेनाचं टोपण लावून म्हणाला, "कारखान्याला निरनिराळ्या तपासण्या करून देणाऱ्या आठ संस्थांना मी हा फॉर्म दिला. सात ठिकाणी एकेचाळीसला 'नाही' आहे. त्यातल्या एका ठिकाणी मी रिपोर्टच्या पाठीवर लिहिलेला जेवणाचा हिशेब पाहिला." मग मॅडमकडे वळला. "सहा महिन्यांसाठी ठेवतो. चौदा अटी घालतोय. पुन्हा येईन."

तो गेल्यावर तंत्रज्ञ बाईंनी मला पाणी आणून दिलं. रीस्टार्टने माझ्या केसांतला भुसा झटकला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी घड्याळ बघून निघा." पण त्या हसत होत्या.

त्या बाई चार वाजता आल्या. पस्तिशीच्या असतील, खांद्याला मोठी पिशवी, कुठल्यातरी कामावरून थेट आलेल्या. मी त्यांना काउंटरवर उभं न करता माझ्या टेबलाशी बसवलं, आणि कागद दिला. त्यांनी तो उलगडला, वाचला, मग उलटा केला.

"हे काय?"

"ओट्याखालच्या कपाटांची मापं. सुताराला वेगळी उतरवून दिली आहेत."

त्यांनी ती सगळी मापं वाचली, अगदी साडेतेवीससकट. मग कागद पिशवीत टाकला, पिशवीची चेन ओढली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही वाचलात?"

"हो," मी म्हणालो. "नंबर जुळवायला उलटला तेव्हा नजर गेली."

"काय होतं त्यात?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्यांना हसू आलं. आधी थोडं, मग बरंच. डोळे पुसून त्या उठल्या, आणि दारापाशी पोचल्यावर वळून म्हणाल्या, "नक्की?"

"अजिबात आठवत नाही."

घरी गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. फोन, सुतार, तपासनीस, सगळं. ऐकून तिने ताट पुढे ठेवलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पण काय होतं हो त्या बाईंच्या रिपोर्टात?" तेव्हापासून तिने हे मला चार वेळा विचारलंय. एकदा जेवताना, एकदा भांडणात, एकदा लग्नाच्या वाढदिवशी आणि एकदा मी अर्धवट झोपेत असताना. मी नाही सांगितलं. तीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवता आलेली ही माझी एकमेव गोष्ट आहे. तेव्हा तुम्हीही विचारू नका.